उंबऱ्यावरचा शब्द

शालिग्रामच्या तोंडून ‘जातो’ निघालं. निघालं तेव्हा त्याचं त्याला कळलंही नाही. एक पाय चपलेत, दुसरा पाय दुसरी चप्पल चाचपतोय, काखेत रिकामी पिशवी, आणि मागे न बघताच तो म्हणाला, "बरंय अक्का, जातो मी." धुळ्याची वैशाखातली दुपार. देवपुरातल्या त्या दोन खोल्यांत खिडकीला ओलं पोतं टांगलेलं, पंख्याचा वारासुद्धा गरम. कॉटवर भागाबाई भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. सून कुंदा पाण्याचा तांब्या हातात घेऊन मधल्या दारात उभी होती. एरवी या क्षणाला भागाबाई ‘या’ म्हणायच्या. गेले चार-पाच महिने तो दर आठवड्याला येई, गोळ्या देई, डॉक्टरचा निरोप सांगे, इकडचं तिकडचं बोले, आणि उंबऱ्यावर ‘येतो’ म्हणे. त्या ‘या’ म्हणत. आज त्याने दुसरी चप्पल घातली, पट्टा ओढला, तरी मागून ‘या’ आलं नाही. ‘जातो’ला ‘या’ कसं म्हणणार? त्या जागी म्हणायला भाषेत दुसरं काही नाहीच. तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं. भागाबाई त्याच्याकडे बघत होत्या. रागाने नाही, घाबरूनही नाही. बऱ्याच दिवसांचा हिशेब जुळल्यावर माणूस बघतो तशा. मग त्या म्हणाल्या, "बरं." कुंदाने तांब्या उगाचच या हातातून त्या हातात घेतला. शब्द परत घेण्याची काही सोय असती तर शालिग्रामने तिथल्या तिथे घेतला असता. पण तो नुसता हसला, आणि त्या हसण्याने होतं नव्हतं तेही गेलं.

जीप गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ती नेहमी तिथेच उभी राहायची, कारण तिच्या दोन्ही अंगांना निळ्या अक्षरांत ‘सोबत मंडळ, जळगाव’ लिहिलं होतं. सोबत मंडळाची जीप कोणाकडे येते हे जळगाव-धुळ्यात आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एका केळीच्या व्यापाऱ्याने ती मंडळाला दिली तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! नाव मोठं काढा म्हणजे लांबून दिसेल, असा आग्रह शालिग्रामनेच धरला होता. आता लांबून दिसत होतं, आणि बायका पोरांना घरात घेत होत्या. रोगी माणसाच्या घरचे हळूच म्हणत, भाऊ, गाडी जरा तिकडेच थांबवा. म्हणून तो तिकडे थांबवायचा आणि उन्हातून चालत यायचा. आज तो तेवढंच अंतर चालत परत निघाला, तर ते संपेना. माणूस पाणी भरायला निघाला तरी ‘येतो’ म्हणतो. सासरी निघालेली पोर हुंदके देत ‘येते’ म्हणते. भांडून, भांडी आपटून घराबाहेर पडणारासुद्धा रागारागाने ‘येतो’ म्हणूनच जातो. ‘जातो’ कोणी म्हणत नाही. जायचं ते एकदाच, आणि तेव्हा बोलायला माणूस नसतो. हे लहानपणी आईने थोबाडीत मारून शिकवलेलं. मंडळात नवा माणूस आला की शालिग्रामही त्याला हेच शिकवायचा. रोग्याच्या घरी पाणी नाकारू नका, कॉटवर टेका, त्या आजाराचं नाव काढू नका आणि निघताना ‘येतो’ म्हणायला विसरू नका. "आपल्याकडे देण्यासारखं दुसरं आहेच काय?" असंही तो वर म्हणायचा, आणि नव्या माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचं. जीपचा ड्रायव्हर धनसिंग लिंबाखाली तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. शालिग्राम आत जाऊन बसला. सीट तापून लाल झाली होती, पण उठायचाही त्याला कंटाळा आला.

लोकांना वाटे, याच्या घरात कोणीतरी या आजाराने गेलं असेल, म्हणून हा यात पडला. तसं काहीसुद्धा नव्हतं. तो भुसावळला रेल्वेत बुकिंग क्लार्क होता. शेजारच्या जीवरामला घशाचा आजार निघाला तेव्हा मुंबईचं रिझर्वेशन काढून द्यायला गेला. मग कोणी सोबत जायला नाही म्हणून मुंबईला गेला, आणि दादरला उतरून कुठून कुठली बस धरायची, हॉस्पिटलात कोणत्या खिडकीवर कोणत्या वेळी उभं राहायचं, बाहेर धर्मशाळेत ओळख कोणाची लागते, हे सगळं त्याला कळून बसलं. कळून बसलेला माणूस सुटत नाही. एकाचे दोन झाले, दोनाचे दहा, मग मंडळ निघालं, अध्यक्ष झाले, पावती पुस्तकं झाली. रिटायर झाल्यावर तर विचारायलाच नको. सुरुवातीला रात्री झोप लागायची नाही. पुढे लागायला लागली, आणि झोप लागते याचंच वाईट वाटायला लागलं. आता वाईटही वाटत नव्हतं. घरात शिरला की त्याला आधी औषधाचा, ओल्या फडक्याचा आणि उकडलेल्या मुगाचा वास यायचा. सगळ्या घरांचा एकच वास. चेहरे एकमेकांत मिसळायचे. पाचोऱ्याच्या माणसाला त्याने एकदा यावलच्या माणसाच्या नातवाची खुशाली विचारली होती. त्या बिचाऱ्याने, नसलेला नातू बरा आहे म्हणून सांगितलंही. गेल्याच आठवड्यात तो अध्यक्षांना म्हणाला होता, हा महिना झाला की मला मोकळं करा. अध्यक्ष म्हणाले, भाऊ, थकलात. तो म्हणाला, हो, थकलो. इतक्या सोप्या शब्दांत ते सांगता येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तेव्हा ‘जातो’ हे आज त्याच्या तोंडून चुकून निघालं, असं म्हणणंही खोटंच होतं. तो खरंच निघाला होता. बोलायचं त्याने फक्त वेळेआधी बोलून टाकलं, आणि तेही नको त्या उंबऱ्यावर. भागाबाईंना तर घरच्यांनी काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. पोटात उष्णता आहे, अल्सर आहे, उन्हाळा सरला की उतार पडेल.

जळगावला घरी आल्यावर बायकोने, बेबाबाईने, पन्ह्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "आज माझ्या भावाकडं जेवायला जायचं होतं. मी दाराशी लुगडं नेसून उभी." त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. "आज वार कोणता ते तरी ठाऊक आहे का?" तिने विचारलं. नव्हता. ज्याने सबंध नोकरी तिकिटांवर तारखा ठोकण्यात घालवली, त्याच्या हातून वार असे सांडून गेले होते. बेबाबाई फार बोलणारी नाही. बोलून काही होत नाही हे तिने केव्हाच ओळखलं होतं. पन्ह्याचा पेला ओठाला लावून तो खिडकीत बसला, आणि त्याला जीवराम आठवला. जीवरामचा आवाज शेवटी गेला होता. शालिग्राम ‘येतो’ म्हणाला की तो हात वर करायचा. त्या हाताचा अर्थ ‘या’ असाच आपण धरला. पण ते ‘थांबा’ असेल तर? इतक्या वर्षांत हे आज पहिल्यांदा मनात आलं. आणि जीवरामच कशाला, किती घरांतून आपण ‘येतो’ म्हणून बाहेर पडलो आणि पुन्हा गेलो ते एकदम तिरडी धरायला. त्या सगळ्यांनी ऐकून घेतलं. समजून घेतलं म्हणू. माणसं फार समजून घेतात, याचीच त्याला अलीकडे भीती वाटे.

दोन-तीन दिवसांनी शेजारच्या एसटीडी बूथवर फोन आला. भागाबाईंचा मुलगा गिरधर बोलत होता. तो धुळ्यात सरकारी कचेरीत कारकून, एरवी ‘भाऊ, भाऊ’ म्हणत मऊ बोलणारा. "तुम्ही माझ्या आईला काय सांगून गेलात?" तो ओरडला. "औषध घेत नाही, जेवत नाही. कोणाशी बोलत नाही. तुम्हाला बोलवा म्हणते, बस." शालिग्राम म्हणाला, "मी काही सांगितलं नाही रे." "मग तिला कळलं कसं?" या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तो धनसिंगला घेऊन निघाला. एरंडोल, पारोळा, रस्ता ओळखीचा, दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी पडलेली काळी रानं. सबंध रस्ताभर तो मनाशी वाक्यं जुळवत होता. अक्का, तसं नव्हतं म्हणायचं. अक्का, जीभ घसरली. प्रत्येक वाक्य चांगलं होतं आणि प्रत्येक वाक्य खोटं होतं. धुळं जवळ आलं तेव्हा त्याने जुळवणं सोडून दिलं.

गिरधर पायरीवरच उभा होता, पण आता त्याचा राग ओसरून तोंड पोरासारखं झालं होतं. शालिग्राम आत जाऊन नेहमीसारखा कॉटच्या कडेला टेकला. कुंदा पाणी ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. भागाबाईंनी नळाच्या आवाजाकडे मान केली.

"ऐका," त्या म्हणाल्या. "ती रडस. मी ऐकू नये म्हणीन नय सोडस. मी बी ऐकत नही अशी करस. तिन्हा जीव थकना, मना बी थकना."

"अक्का, त्या दिवशी माझ्या तोंडून..."

"बरं व्हयनं." त्यांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. ‘येतो’ला त्या ‘येस’ म्हणत. "बठ्ठा येस येस करतस. डॉक्टर बी येस म्हनस, पोऱ्या बी बरं व्हई म्हनस. तुम्ही एकलाच खरं बोलनात. माले बठ्ठं समजस भाऊ, पहिलेपाशी समजस. पन समजस अशी दखाडता येत नव्हतं. मी रडनू तर त्यासले वाईट वाटी."

इतके दिवस त्या घरात सगळेच सगळं जाणून होते, आणि एकमेकांसाठी न कळल्याचं सोंग वठवत होते. मंडळाचा माणूस म्हणून शालिग्रामने त्या सोंगाला दर आठवड्याला येऊन हातभार लावला होता. त्याला एकाएकी फार दमल्यासारखं वाटलं, पण हा थकवा निराळा होता. ओझं उतरवल्यावर खांदे दुखू लागतात तसा.

"मग आता काय करू, सांगा," तो म्हणाला.

"माले धरनगाव लई चला. ताईबाईकडे." ताईबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, विधवा, धरणगावला माहेरच्या घरात एकटी राहणारी. "ताईबाईले खोटं बोलता येत नही. तठे मी सुखमा कण्हसू."

कण्हायला मोकळीक हवी, एवढंच बाईचं मागणं. पण गिरधरला ते पटवता पटवता संध्याकाळ व्हायची वेळ आली. लोक काय म्हणतील, आईला शेवटी मावशीकडे टाकली म्हणतील. तिथे डॉक्टर नाही, पंखा नाही. मी एकुलता एक. त्याचं एकही म्हणणं चूक नव्हतं. शालिग्रामने कसलाच उपदेश केला नाही, त्याच्याजवळ तो उरलाच नव्हता. तो फक्त म्हणाला, "गिरधर, तू आईसमोर एकदा तरी रडलास का?" गिरधर आत गेला. नंतर नळ बंद झाला. बाहेर पायरीवर बसून शालिग्राम आतलं रडणं ऐकत होता, तिघांचं, आणि धनसिंगने दिलेली तंबाखू मळत होता. इतक्या वर्षांत त्याने तंबाखूला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली ती भागाबाईंच्या सांगण्यावरून थेट दाराशी. "लोकेसले दखू द्या," त्या म्हणाल्या. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या राहिल्या. गिरधरने आईला उचललं. मागच्या सीटवर गादी घातली होती, तिच्यावर ठेवलं. तो रजा मंजूर करून घेऊन संध्याकाळच्या बसने येणार होता. कुंदा खिडकीशी आली. डोळे सुजलेले, पण पदर नीट.

"माय, येस म्हना ना," ती म्हणाली.

भागाबाईंनी त्या दोन खोल्यांकडे, पोत्याच्या खिडकीकडे, तुळशीच्या डब्याकडे एकदा बघून घेतलं. "जास व माय," त्या म्हणाल्या. गल्लीत कोणीतरी ‘अगं बाई’ केलं. मग त्यांनी खिडकीतून हात काढून सुनेच्या गालाला लावला. "तू ये."

वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. खड्ड्यात जीप आदळली की मोठ्याने कण्हायच्या, आणि कण्हून झालं की त्यांना बरं वाटल्यासारखं दिसायचं. पारोळ्याला ऊस-रसाच्या गाडीवरून त्यांनी दोन घोट रस मागून घेतला. पोटात ठरला नाही, पण चव कळली म्हणाल्या. शालिग्राम पुढच्या सीटवरून मागे वळून वळून बघत होता आणि मनात म्हणत होता, ही शेवटची. हिला पोचवली की मोकळा. महिन्याची वाट बघायचीही गरज नाही. घरी जायचं, पंख्याखाली पडायचं, बेबाबाईबरोबर तिच्या भावाकडे जेवायला जायचं. त्याला हे सगळं इतकं समोर दिसत होतं की धरणगावच्या गल्लीत जीप वळली तेव्हा तो दचकला.

ताईबाई अंगणात पऱ्हाट्यांची मोळी सोडत होती. वाळलेली, ताठ, कानांनी जरा कमी ऐकणारी म्हातारी. बहिणीला खाटेवर ठेवेपर्यंत ती नुसती बघत उभी राहिली, मग जवळ येऊन तिने सरळ विचारलं, "काय व्हयनं व तुले?"

"क्यान्सर," भागाबाई म्हणाल्या. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या घरातलं दळण थांबलं. मंडळ निघाल्यापासून कोणा रोग्याच्या तोंडून हा शब्द शालिग्रामने ऐकला नव्हता. अंगणात तो शब्द पडून राहिला, आणि काही झालं नाही.

"कथा दुखस?" ताईबाईने विचारलं.

भागाबाईंनी पदर बाजूला करून पोटावर हात ठेवून दाखवलं. ताईबाईने आपला हात त्या हातावर ठेवला, आणि दोघी जणी तशाच बसल्या. शालिग्रामने गोळ्यांची पुडी कोनाड्यात ठेवली, कोणती केव्हा द्यायची ते ताईबाईला दोनदा ओरडून सांगितलं. ती चहा ठेवायला उठली तर तो म्हणाला, नको, उशीर होतो. कशाला उशीर होतो ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला फक्त निघायचं होतं. त्याने चपला घातल्या, दोन्ही, नीट. उंबऱ्याशी आला, आणि या वेळी चूक होऊ नये म्हणून आधी शब्द मनात म्हणून बघितला.

"येतो अक्का."

"कव्हय?" भागाबाईंनी विचारलं.

‘येतो’ला ‘केव्हा’ असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते विचारायचं नसतंच. ‘येतो’ म्हणायचं, ‘या’ म्हणायचं, आणि दोघांनी सुटायचं. शालिग्राम उंबऱ्यात अडकला. पुढे अंगण, ऊन, जीप, धनसिंगने इंजिन सुरूही केलेलं. मागे ती नजर. हिला पुन्हा वाऱ्यावर सोडायची? काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला, "बुधवारी."

भागाबाईंनी ताईबाईकडे पाहिलं. ताईबाईला ऐकू आलं नसावं. भागाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात कसलंसं हसू आलं आणि गेलं. "या," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं.

जीप गाव सोडून जळगावच्या रस्त्याला लागली. शालिग्रामला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते हसू त्याच्या डोक्यातून जाईना. बुधवारी. तोंडून दिवस निघून गेला होता खरा. आता येणं आलं. निदान एकदा. मग अध्यक्षांना सांगू, बुधवारनंतर. पाळधीचा फाटा दिसू लागला तेव्हा त्याने विचारलं, "धनसिंग, आज वार कोणता?"

"आज?" धनसिंगने गिअर बदलला. "बुधवारच की भाऊ."

आधी शालिग्रामला लाज वाटली, मग फार राग आला, स्वतःचा, त्या बाईचा, मंडळाचा. मग त्यातलं काहीच उरलं नाही. बाईने ऐकलं, ओळखलं की याला वारही ठाऊक नाही, तरी ‘या’ म्हणाली. पुढचा बुधवार धरला असेल तिने. तेवढे दिवस तिच्याजवळ आहेत की नाहीत, हे तिला आणि त्याला दोघांनाही ठाऊक होतं. किंवा तिने काहीच धरलं नसेल. इतर सगळ्यांसारखं समजून घेतलं असेल.

"वळव गाडी," तो म्हणाला.

"काही राहिलं का?"

"हो."

अंगणात चूल पेटली होती. पऱ्हाट्यांचा धूर सरळ वर जात होता. ताईबाईने वर बघितलं, आणि तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं. जीपचा आवाज ऐकून भागाबाईंनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं होतं.

"ऊनात का परत?" त्या म्हणाल्या.

"बुधवार आहे ना," शालिग्राम म्हणाला.

त्या हसल्या. हसताना पोटात कळ आली, म्हणून मोठ्याने कण्हल्या, आणि पुन्हा हसल्या. तो उंबऱ्यात चपला काढून आत आला. खाटेच्या कडेला न टेकता खाली जमिनीवर, भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसला. असा तो कोणाच्या घरी कधी बसला नव्हता. शेण सारवलेली जमीन गार होती.

"आते जाताना काय म्हनशात?" डोळे मिटून भागाबाईंनी विचारलं.

"आधी चहा तर होऊ द्या, अक्का," तो म्हणाला. "मला घाई नाही."